पण टाकं कुठाय?

समुद्रकिनारी सुट्टीला जाऊन डोंगर चढणारी माणसं जगात फार नसावीत. जी आहेत त्यांतल्या एकाशी माझं लग्न झालेलं आहे.

रिमिनी हे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव आडवं होण्यासाठीच वसवलंय अशी माझी खात्री आहे. पंधरा किलोमीटर सपाट पुळण, तिचे नंबर घातलेले पट्टे, पट्ट्यावर शिस्तीत उभ्या छत्र्या आणि छत्रीखाली दोन-दोन पलंग. पहिल्या रांगेतून समुद्र नीट दिसतो म्हणून तिचे पैसे जास्त. मागच्या रांगांना पुढच्यांचे तळपाय दिसतात. आमची लेक बोलोन्याला शिकते. तिनं मागची रांग घेतली होती आणि माझी काहीही तक्रार नव्हती. मी पुस्तक आणलं होतं, टोपी आणली होती. यांनी मात्र पलंगावर बसताना समुद्राकडे चक्क पाठ केली आणि आत डोंगरांकडे बघत म्हणाले, "अगं, तो कडा बघ. वर बुरूज आहेत. एक, दोन, तीन."

तो सान मारिनोचा डोंगर होता. ते बुरूज खरोखरच तीन आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतात, हे रिमिनीचं दुर्दैव. म्हणजे माझं.

यांची बँकेतली नोकरी संपली तेव्हा इतर लोक हास्यक्लबात गेले, हे सह्याद्रीत गेले. दर रविवारी एक गड. गडावर पोचलं की यांचा पहिला प्रश्न एकच: टाकं कुठाय? देऊळ, दरवाजा, तोफ सगळं नंतर. "पाणी नसेल तर वेढ्यात गड टिकत नाही," हे वाक्य मी लग्नात, मुंजीत आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडेही ऐकलेलं आहे.

दोष अर्थात रिमिनीच्या जुन्या सत्ताधीशांचाही आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ दोनशे वर्षं इथे मालातेस्ता घराण्याचा अंमल होता. त्यांतला सिजिस्मोंदो तर असा गुणी, की पोप दुसरा पायस यानं १४६२ मध्ये रोममध्ये त्याचे पुतळे जाळले आणि माणूस जिवंत असतानाच त्याला नरकात दाखल झाल्याचं जाहीर केलं. त्याचा वैरी शेजारच्या उर्बिनोचा फेदेरिको. एका झुंजीच्या खेळात याचा उजवा डोळा गेला होता, म्हणून त्याच्या गाजलेल्या चित्रांत डावीच बाजू दिसते. या दोघांचं पटत नसल्यामुळे रिमिनीच्या पाठीमागे जी टेकडी दिसेल तिच्यावर एकानं तरी भिंत घातलेली आहे. शेजाऱ्यांची भांडणं असावीत, पण त्यांचे जिने आपण का चढायचे?

भाड्याची गाडी आली. पहिला किल्ला ग्रादारा, रिमिनीच्या दक्षिणेला. छान आहे, खोटं कशाला बोलू. टेकडीवर विटांचा तट, आत छोटं गाव, तीसेक मीटरचा मनोरा. तटावरून चालताही येतं. हे तटाच्या दगडविटांवरून असा हात फिरवत होते, की लग्नानंतर माझ्या हातावरून कधी फिरवला असेल तर मला आठवत नाही. आत मात्र गर्दी होती ती एका खोलीत. फ्रांचेस्काची खोली. राव्हेन्नाची ही मुलगी तहासाठी मालातेस्तांच्या लंगड्या जियानचोत्तोला दिली आणि तिचा जीव जडला त्याच्या देखण्या भावावर, पाओलोवर. दोघं मिळून लान्सलॉटच्या प्रेमाची गोष्ट वाचत होते आणि वाचता वाचता वाचन थांबलं. मग नवऱ्यानं दोघांनाही मारलं. साल १२८५च्या आसपासचं. इटलीचा महाकवी दांते यानं आपल्या काव्यात या दोघांना नरकात घातलं, पण इतक्या हळव्या ओळींत, की ते ऐकून तो स्वतःच मूर्च्छित पडतो.

हे सगळं याच किल्ल्यात घडलं असं दांते कुठंही म्हणत नाही. पण गेल्या शतकाच्या विशीत एका इंजिनिअरनं ग्रादारा विकत घेतला, डागडुजी केली आणि खोली अशी सजवली की शंका काढायला संकोच वाटावा. पलंग आहे, उघडं पुस्तक आहे आणि जमिनीत एक चौकोनी झाकण आहे. पाओलो तिथून पळणार होता म्हणे, पण अंगरखा अडकला. पन्नास माणसं त्या झाकणाभोवती गोल करून उभी होती. बायका उसासे टाकत होत्या. यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "खाली टाकं आहे का?"

लेकीनं भाषांतर करायला साफ नकार दिला. मग यांनी स्वतःच तिथल्या बाईंना हाताच्या खुणांनी पाणी, खोल, साठवण असं विचारलं. बाईंनी समजूतदारपणे स्वच्छतागृह दाखवलं. हे जाऊन आले. स्वच्छ होतं म्हणाले.

आता जेवणाबद्दल. इटलीत किल्ले केव्हाही बघावेत, भूक मात्र वेळेवर लागावी. आम्ही खाली उतरलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि स्वयंपाकघर बंद ते संध्याकाळी सातपर्यंत बंद. मालक समोर बसून जेवत होता. त्याला आमची दया येत होती, पण जेवता जेवता. शेवटी एका टपरीवर पियादिना मिळाली. ही इथली खासियत, तव्यावर भाजलेली पातळ भाकरी, आत मऊ चीज आणि रुकोलाचा पाला. मी पहिला घास घेणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, थांब. पीठ मळताना डुकराची चरबी घालतात, विचारू दे." विचारलं. घातली होती. ऑलिव्हच्या तेलातली पियादिना असते, पण या टपरीवर नव्हती. मी नुसता पाला खाल्ला. हे म्हणाले, वेढ्यात सैनिक झाडपाला खाऊनच राहायचे.

दुसऱ्या बाजूला सान लेओ. मारेक्किया नदीच्या खोऱ्यातून वर जाणारा रस्ता आहे आणि तो बघून माझ्या पोटातला पालाही घाबरला. चहूबाजूंनी तुटलेला कातळ, वर जायला कातळात खोदलेली एकच वाट. वर सहाशे मीटरच्या आसपास एक गोड गाव, आणि गावाच्याही वर किल्ला. इथे मात्र यांना बोलायला शब्द सुचेनात. ते दोन प्रचंड गोल बुरूज फेदेरिकोसाठी फ्रांचेस्को दी जोर्जो मार्तिनी या वास्तुविशारदानं बांधले, तोफगोळे घसरून जावेत म्हणून गोल. "बघ, सरळ भिंत असती तर!" हे म्हणाले. मी बघितलं. मला गुडघे दिसत होते.

सान लेओच्या पोटातही एक भोक आहे. इथे तुरुंग होता आणि त्यातला सगळ्यांत नामांकित पाहुणा काल्योस्त्रो. पालेर्मोचा जुझेप्पे बाल्सामो, पण युरोपभर काऊंट म्हणून मिरवणारा, किमयागार, वैद्य, भुतं बोलावणारा, फ्रान्सच्या राणीच्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात अडकून सुटलेला. शेवटी रोममध्ये धर्मन्यायालयाच्या हाती लागला. १७९१ मध्ये मृत्युदंड सुनावून पोपनं तो जन्मठेपेत बदलला आणि स्वारी इथे आली. ज्या कोठडीत ठेवलं तिला दार नव्हतं. छतातल्या भोकातून खाली सोडलं, जेवणही तिथूनच. एक खिडकी, तिला तीन थरांचे गज, आणि खिडकीतून दिसतात फक्त गावातली दोन देवळं. पश्चात्तापाची सोय. चार वर्षं काढून १७९५ मध्ये तिथेच मेला.

मला त्या माणसाबद्दल सहानुभूती वाटली. फसवा होता, मान्य. पण पूर्ण युरोप फिरलेल्या माणसाला शेवटी एक खिडकी आणि तिच्यातून रोज तेच दृश्य! माझ्या आजूबाजूला लोक खाली वाकून कोठडीचे फोटो काढत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की किल्ल्यांना बुरूज वगैरे ठीक आहे, तिकीट विकतं ते भोक. ग्रादाराला झाकण, इथे छत. राजकारण, वेढे, तह यांच्या पाट्यांपुढे चिटपाखरू नाही, आणि माणूस जिथून खाली गेला त्या चौकोनापुढे रांग. यांना हे पटलं नाही. यांच्या मते इतक्या उंच कातळावर पाणी कसं साठवलं हे कोणीच सांगत नाही, हा व्यवस्थापनाचा दोष आहे.

वाटेत व्हेरुक्क्यो लागलं. मालातेस्तांचं मूळ ठाणं. मी गाडीतून उतरले नाही.

आणि मग मोंतेबेल्लो. त्याच खोऱ्याच्या काठावरचा हा किल्ला बघायचा तर त्यांच्या माणसाबरोबरच फिरावं लागतं, आणि इटालियनमध्येच. गाइड मुलगी दहा मिनिटं बोलायची, लेक आम्हाला सांगायची, "पेटारा आहे. जुना आहे." पण अझुरीनापाशी आल्यावर मात्र तिनंही शब्दन्शब्द सांगितला. मालातेस्तांच्या घरची एक लहान मुलगी, जन्मतः पांढऱ्या केसांची. लोक चेटकीण म्हणतील म्हणून आई झाडपाल्याच्या रंगानं तिचे केस रंगवायची, ते निळसर व्हायचे. म्हणून अझुरीना. २१ जून १३७५, बाहेर वादळ, मुलगी घरात चेंडू खेळत होती, दोन पहारेकरी बरोबर. चेंडू घरंगळत तळघरात गेला, पाठोपाठ ती. किंकाळी ऐकू आली. पहारेकरी धावले. ना मुलगी, ना चेंडू. दंतकथाच, पण दर पाच वर्षांनी त्याच रात्री इथे आवाज येतात अशी आख्यायिका आहे, आणि हे लोक माइक लावून ते टिपतात. फेरीच्या शेवटी ऐकवतात.

तळघराच्या तोंडाशी आम्हाला उभं केलं. बाकीच्यांनी श्वास धरला. गाइडनं आवाज अगदी खाली आणला. टेप सुरू झाली. गडगडाट, पाऊस, आणि मध्येच काहीतरी, रडणं म्हणा, वारा म्हणा. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या बाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली. आणि माझ्या डाव्या कानाशी यांचा आवाज:

"तळघर कसलं होतं, विचार ना."

लेक दातओठ खात पुटपुटली, "बर्फाचं. हिवाळ्यातला बर्फ साठवायचे."

"म्हणजे टाकं!"

हे शब्द यांनी एवढ्या मोठ्यानं उच्चारले की गाइडनं टेपवरून नजर काढून यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बाहेर काढणार. लेकीनं ओशाळून खुलासा केला, बाबांना बर्फाबद्दल विचारायचंय. मुलीचा चेहरा असा खुलला, जणू वर्षानुवर्षं भुताचंच सांगत आलेल्या तिला एकदाचं कोणी कामाचं विचारलं. बर्फ ठोकून दाबायचा, थरांमध्ये पेंढा घालायचा, उन्हाळ्यापर्यंत टिकायचा, ती हातवारे करत सांगू लागली. यांनी खोली किती ते विचारलं. एका जर्मन गृहस्थांनी पावलांनी लांबी मोजली. दोघं-तिघं अजून पुढे सरसावले, कोणीतरी मोबाइलवर हिशेब मांडला, आणि हे मराठीत, ती इटालियनमध्ये, पेंढ्याच्या जाडीवर तावातावानं एकमत होत गेलं.

टेप तशीच चालू होती. ऐकायला उरलो मी आणि एक इटालियन आजोबा, आणि आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.