रिकामं आणि मोकळं एक नव्हे

आठवडाभर ठाण्यातल्या ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'आतून रिकामं वाटतंय? आनंद माना. बुद्धांची शून्यता ती हीच. रिकामं मन हेच मोकळं मन. गोळ्या घेऊन ते घालवू नका.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी शून्यता. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांनी साधारण दुसऱ्या शतकात स्वच्छ लिहून ठेवलंय: जे कशावर तरी अवलंबून उत्पन्न होतं, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. कुठल्याच वस्तूला स्वतःचं असं सुटं, न बदलणारं सत्त्व नसतं, हा त्याचा अर्थ. आपल्या आत काही उरलं नाही, असा मुळीच नाही. इशाराही त्यांनीच दिलाय, की चुकीची समजलेली शून्यता चुकीच्या पद्धतीने धरलेल्या सापासारखी घात करते. या मेसेजने साप शेपटीला धरलाय.

दुसरं, मोकळं मन. रडून झालं की आपल्याला मोकळं वाटतं. मुलगी सासरी गेली की घर सुनं होतं. माणूस गेला की भकास वाटतं. मराठीला हे फरक कळतात, मेसेज लिहिणाऱ्याला का कळू नयेत?

चरईतल्या माझ्या मावशीला गेल्या वर्षी यातलं काहीच वाटत नव्हतं. रडायचीसुद्धा नाही. दुधाची पिशवी दुपारी बारापर्यंत दाराच्या कडीला लटकलेली, आणि आत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. 'काय होतंय?' विचारलं तर म्हणाली, 'काही होतच नाही गं.' आवडीच्या गोष्टींतून मन उडालं, आत पोकळी वाटू लागली आणि दोन आठवडे जवळजवळ रोज तसंच राहिलं, तर डॉक्टर नैराश्याची शंका घेतात. ज्ञानाची नाही.

राहिल्या गोळ्या. 'ठाण्याला पाठवा' या थट्टेने आपल्याच गावातली माणसं घाबरून बसलीत. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. त्याच्या बाह्यरुग्ण विभागात माणसं तपासून घेतात, औषध घेतात आणि घरी येऊन जेवतात. तिथवर जायचा धीर होत नसेल, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. ध्यानही जरूर करा, पण त्यासाठी आधी उठून बसता यायला हवं ना!

गोळ्या सुरू करून तिसरा महिना लागला होता, तेव्हा एका सकाळी मावशीचा फोन आला. 'फोडणीत कढीपत्ता टाकला,' म्हणाली, 'आणि वास आला गं.'