पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी काय शिकावं?

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे सहा प्रश्न परीक्षेपुरते पाठ करा आणि पेपर झाला की विसरून जा. त्यातला 'का' तर फारच नतद्रष्ट. त्याचं उत्तर शोधायला फोन करावे लागतात, कागद वाचावे लागतात, आणि बरेचदा शेवटी कळतं की आपली बातमी ही बातमीच नाही. एवढा खटाटोप करून हातची बातमी घालवायची?

त्यापेक्षा प्रेसनोटचा मान ठेवायला शिका. १९०६ साली अमेरिकेत रेल्वे अपघात झाला तेव्हा जनसंपर्क व्यवसायातले आयव्ही ली यांनी रेल्वे कंपनीच्या वतीनं निवेदन काढलं आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ते जसंच्या तसं छापलं. एवढी जुनी परंपरा तुमच्या हातून मोडायला नको. जनसंपर्काच्या वर्गातली मैत्रीण मात्र जपा. तुमच्या पुढच्या तीस वर्षांच्या बातम्या तीच लिहिणार आहे.

गणिताच्या वाटेला जाऊ नका. ते नको म्हणूनच तर इथे आलात! एखाद्या आजाराचा धोका दहा हजारांत दोघांवरून तिघांवर गेला, तर 'धोका ५० टक्क्यांनी वाढला' असा मथळा ठोकून द्या. त्यात खोटं एक अक्षरही नाही. 'दहा हजारांत एक जण जास्त' असं लिहिलंत तर वाचक निवांत झोपेल, आणि झोपलेला वाचक क्लिक करत नाही. व्याजदर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला, तर वाढ दोनाची की पन्नासाची? आधी बातमी कुणाच्या बाजूनं लावायची ते ठरवा, आकडा आपोआप सुचतो. पाहणीत किती जणांना विचारलं, ते कसे निवडले, खर्च कुणी केला, या चौकशा शेवटच्या परिच्छेदात टाका. जागा कमी पडली की पहिली कात्री तिथेच लागते.

आणि घाई करा. ३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो ट्रिब्यून'नं अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाची वाट न पाहता 'ड्यूईंकडून ट्रूमन पराभूत' असा मथळा दिला. जिंकले ट्रूमन. तोच अंक हसत हसत उंचावलेला त्यांचा फोटो आजही छापला जातो. त्या रात्री थांबून बरोबर बातमी देणाऱ्या एका तरी वर्तमानपत्राचं नाव सांगता येईल? नाही ना?

राहिली कल्पनाशक्ती. पत्रकार जॅनेट कुक यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आठ वर्षांच्या हेरॉइनग्रस्त मुलाची हृदयद्रावक कहाणी लिहिली. मुलगा मुळात नव्हताच. कहाणी संपादकांच्या हाताखालून सुखरूप गेली, अमेरिकी पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार, १९८१ चं पुलित्झरही जाहीर झालं. बिंग फुटायला सुरुवात झाली ती बायोडेटापासून, कारण त्यात शिक्षणाच्या थापा होत्या. पुरस्कार परत करावा लागला. तेव्हा बाकी काही शिका न शिका, पदवी तेवढी खरी मिळवा. ती कुणीतरी तपासतं.