डोनाल्डला नुसत्या सॅकवर मोजू नका

अमेरिकन फुटबॉलमधल्या रॅम्स संघाच्या ॲरन डोनाल्डचे १११ सॅक (सॅक म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास सुटण्याआधीच पाडणं) ब्रूस स्मिथच्या २०० च्या जवळपासही येत नाहीत, म्हणून तो ‘दुसऱ्या फळीतला’, हे एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. स्मिथ १९ मोसम खेळला, डोनाल्ड १०. आणि तोही डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे अगदी मधल्या गर्दीत, जिथे दोन-दोन धिप्पाड गडी त्याला अडवायला ठेवलेले असायचे. कडेने धावत येणाऱ्याला मिळते तशी मोकळी वाट तिथे नसते. तरीही २०१८ साली साडेवीस सॅक करून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला! वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा किताब तीनदा, आणि दहाही मोसमांत प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवड. मार्च २०२४ मध्ये, ३२ व्या वर्षी तो थांबला तेही ऐन भरात असताना.

इथे कॅलिफोर्नियात आमच्या शेजारच्या आजोबांनी मला हा खेळ शिकवताना सांगितलं होतं, चेंडू सोड, ९९ नंबरकडे, म्हणजे डोनाल्डकडे बघ. तसं बघितलं की कळतं, त्याच्यावर दोघे गुंतले म्हणून शेजारचा सुटायचा, आणि सॅक त्या शेजाऱ्याच्या नावावर लागायचा. फेब्रुवारी २०२२ ची सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, आठवा. रॅम्स २३, बेंगल्स २०, शेवटचं मिनिट, बेंगल्सचा चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, हवा फक्त एक यार्ड. डोनाल्डने त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याला धरून असा गरकन फिरवला की पास भलतीकडेच पडला. रॅम्स तिथेच जिंकले. पण चेंडू हातातून सुटला होता, म्हणून सॅकच्या खात्यात त्याची नोंद नाही.