कोटिंग चढवलं म्हणून शिसं संपत नाही

पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ओतीव शिशाच्या गोळीला पावडर कोटिंग (रंगीत भुकटी लावून ओव्हनमध्ये भाजून चढवलेला लेप) केलं की ती जॅकेटवाल्या (तांब्याच्या पत्र्याचं कवच असलेल्या) गोळीसारखीच होते. मग शिशाची बाधा होत नाही, बॅरलमध्ये (पिस्तुलाच्या नळीत) शिसं बसत नाही, जॅकेटवाल्या गोळीचं लोड (काडतुसातल्या स्फोटक दारूचं प्रमाण) जसंच्या तसं चालतं, धूरही होत नाही आणि ती कुठल्याही बॅरलमध्ये चालते. (गोळी म्हणजे इथे फक्त पुढचा शिशाचा तुकडा, अख्ख्या नगाला मी काडतूस म्हणतोय.) मी स्वतः अशाच गोळ्या ओततो, भाजतो, झाडतो आणि पुढेही झाडणार आहे. या गोळ्या चांगल्या आहेत. पण हा मजकूर वाचून कुणी नवशिका प्रेससमोर (काडतुसं भरायच्या यंत्रासमोर) बसला तर तो आधी स्वतःची तब्येत आणि मग बॅरल बिघडवून घेईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

सगळ्यात घातक विधान पहिलंच आहे: "कोटिंग केलं की शिशाची बाधा होत नाही."

यात एक खरा मुद्दा दडलेला आहे, तो आधी मान्य करतो. नेहमीच्या फुल मेटल जॅकेट गोळीचा बूड बहुधा उघडा असतो. तांब्याचा पत्रा पुढून मागे वळवलेला असतो आणि मागे शिसं तसंच दिसतं. तापलेला वायू थेट त्या शिशावर आदळतो. पावडर कोटिंगमध्ये बूडही झाकला जातो, त्यामुळे त्या एका बाबतीत कोटिंगवाली गोळी सरस ठरते.

पण आपल्या अंगात शिसं जातं ते फक्त गोळीच्या बुडातून का? नेहमीच्या प्राइमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीत) लेड स्टिफ्नेट असतं, म्हणजे शिशाचंच संयुग. दर बाराला ते जळतं आणि त्याची बारीक धूळ हातावर, बाहीवर, नाकात जाते. गोळीला कितीही सुंदर हिरवा रंग दिला तरी प्राइमर तोच राहतो. ही धूळ वापरलेल्या केसेसच्या (काडतुसांच्या पितळी नळकांड्यांच्या) आतही बसते. त्या केसेस कोरड्या टंबलरमध्ये (घासून साफ करणाऱ्या यंत्रात) फिरवून, झाकण उघडून घासणारं दाणेदार माध्यम चाळताना जो ढग उठतो, तो माझ्या मते या छंदातला सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. पाणी घालून टंबलिंग केलं तर धूळ उडत नाही, फक्त ते काळं पाणी कुठे ओततो ते पाहावं लागतं.

आणि ओतकाम? शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. ओतण्यासाठी लागणाऱ्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. त्रास देते ती वर साचणारी राखाडी मळी. ती काढून कोरडी झाली की भुकटी होते आणि चमच्याच्या धक्क्यानेही उडते. कोटिंगची वेळ येते ती हे सगळं झाल्यावर. ज्या ओव्हनमध्ये गोळ्या भाजल्या, त्यात पुन्हा कधीही अन्न ठेवू नये, हेही त्या मजकुरात कुठेच नाही.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2021 मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं, पण जे हाडांत जाऊन बसतं ते वर्षानुवर्षं निघत नाही. तेव्हा बाकडं ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा. काम चालू असताना खाऊ-पिऊ नका. आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. भीती बाळगण्यापेक्षा आकडा माहीत असणं कितीतरी चांगलं.

"बॅरलमध्ये शिसं बसतच नाही."

बसतं. माप चुकलं तर नक्की बसतं. 9 मिमीची जॅकेटवाली गोळी 0.355 इंचाची असते. ओतीव गोळी साधारणपणे 0.356 किंवा त्याहून किंचित मोठी लागते, कारण तिने बॅरलच्या आतल्या पिळदार खाचा पूर्ण भरायला हव्यात. गोळी बारीक राहिली की तापलेला वायू तिच्या कडेने पुढे पळतो आणि कोटिंगसकट शिसं कापत जातो. तो मजकूर म्हणतो की मिश्रधातू कडक असला की माप बघायला नको. हे तर उलटंच आहे. कडक गोळी दाबाने फुलून खाचांत बसत नाही, म्हणून तिचं माप आणखी नेमकं हवं. आपल्या बॅरलमधून मऊ शिशाचा तुकडा हलक्या हाताने ठोकून पार करा, मायक्रोमीटरने मोजा आणि मगच साइझिंग डाय (गोळी दाबून नेमक्या मापाची करणारा साचा) घ्या. कोटिंगनेही जाडी वाढते, म्हणून शेवटचं साइझिंग कोटिंगनंतर.

माप बरोबर असूनही एकदा मी फसलो. बॅरल साफ करताना ब्रशबरोबर राखाडी कपच्या यायला लागल्या. भरलेल्या काडतुसांपैकी एक हातोडा-पुलरमध्ये (ठोकून गोळी सुटी करणाऱ्या अवजारात) घालून तीन-चार ठोक्यांत गोळी बाहेर काढली. तिच्या कमरेभोवती एक बारीक कडं सोलून निघालं होतं आणि खाली चकचकीत शिसं दिसत होतं. केसच्या तोंडाशी हिरव्या रंगाची केसाएवढी सळ अडकलेली. केसचं तोंड मी पुरेसं फाकवलंच नव्हतं, त्यामुळे गोळी बसवताना पितळेच्या कडेने कोटिंग तासून काढलं. तोंड जरा जास्त फाकवलं, शेवटी टेपर क्रिंप (केसच्या तोंडाचं हलकं आवळणं) फक्त ते फाकवणं सरळ होईल इतकाच ठेवला, आणि कपच्या थांबल्या. क्रिंप जोरात दिला तरी तीच गत होते: केसच्या आतच गोळी आवळून बारीक होते.

भाजणं कच्चं राहिलं तरी लेप टिकत नाही. बऱ्याच पावडरींना 200 अंशांच्या आसपास 20 मिनिटं लागतात. पण ती मिनिटं गोळ्या तेवढ्या तापल्यावर मोजायची, ओव्हनचा दिवा लागल्यापासून नव्हे. शिशाचा ढीग तापायला वेळ घेतो. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडाने गोळी पुसा. कापडावर रंग आला तर ती खेप कच्ची. दुसरी एक गोळी हातोडीने चपटी करा. कोटिंगचे पापुद्रे सुटायला नकोत.

"जॅकेटवाल्या गोळीचं लोड जसंच्या तसं चालतं."

हे वाचून मला खरंच राग येतो, कारण इथे बोटं आणि डोळे पणाला लागतात. शिशाच्या गोळीला खाचांत शिरायला कमी जोर लागतो, त्यामुळे तेवढ्याच दारूला दाब आणि वेग वेगळे येतात. त्याहून मोठा फरक आकाराचा. ओतीव गोळीचं नाक बहुधा जाडजूड असतं, म्हणून चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) बसण्यासाठी ती केसमध्ये आणखी खोल न्यावी लागते. 9 मिमीच्या केसमध्ये आत जागाच थोडी. गोळी जरा खोल गेली की दाब झपाट्याने चढतो. काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या सामी या अमेरिकी संस्थेने 9 मिमीच्या काडतुसाला 35,000 पीएसआयची (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) मर्यादा घातली आहे आणि .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला फक्त 17,000ची, म्हणजे एकाची सवय दुसऱ्याला लावून चालत नाही. त्याच वजनाच्या, त्याच आकाराच्या शिशाच्या गोळीचा छापील डेटा घ्या आणि सुरुवातीच्या आकड्यापासून वर चला. दारू न भरलेलं नमुन्याचं काडतूस बनवून, बॅरल पिस्तुलातून काढून त्यात टाका. ते 'टक्' आवाज करत बसलं पाहिजे, सहज गोल फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटी केल्यावर आपोआप पडलं पाहिजे. अडलं तर लांबी कमी करा, आणि लांबी बदलली की दारूचा हिशेब पुन्हा खालून सुरू.

धुराबद्दलचं म्हणणं बरंचसं खरं आहे. जुन्या ओतीव गोळ्यांचा धूर मुख्यतः त्यांच्या मेणाच्या वंगणाचा असायचा. कोटिंगमध्ये ते नसतं. पण दिसणारा धूर कमी झाला म्हणून हवेतलं शिसं गेलं असं होत नाही. प्राइमरचं शिसं डोळ्यांना दिसत नाही.

राहिला शेवटचा दावा, की या गोळ्या कुठल्याही बॅरलमध्ये चालतात. ग्लॉकसारखे काही उत्पादक विनाजॅकेट शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगतात. कोटिंग विकणारे म्हणतात, आमचं चालतं. मी नव्या बॅरलमध्ये आधी दहाच बार काढतो, पिस्तूल रिकामं करून उघडतो, बॅरल काढून उजेडाकडे धरतो. खाचांच्या कडेला राखाडी रेघ दिसली, तर उरलेली काडतुसं डब्यातच राहतात.