साहेब फाइल फेकायचे, आम्ही नाही रडलो. बरं, मग?

निवृत्तांच्या ग्रुपपासून लिंक्डइनपर्यंत एक मजकूर फिरतोय: ‘आमच्या काळी साहेब फाइल तोंडावर फेकायचे, तरी आम्हाला काही झालं नाही. आजची पोरं नाजूक. साहेब ओरडतो तो कामासाठीच. सहन होत नसेल तर राजीनामा द्या, रडता कशाला?’

‘पोरं नाजूक’ म्हणणाऱ्यांनी फ्रान्स टेलिकॉमचा खटला जरूर वाचावा. सुमारे १ लाख २० हजार नोकरांपैकी २२ हजार कमी करायचे, असं या कंपनीने २००६ साली ठरवलं. अडचण एवढीच, की त्यांतल्या बहुतेकांना सरकारी नोकराचा दर्जा होता. त्यांना काढता येईना. तेव्हाचे प्रमुख दिदिए लोंबार यांनी अधिकाऱ्यांच्या बैठकीत सांगून टाकलं, की माणसं जातील, खिडकीतून नाहीतर दारातून. मग सारख्या बदल्या, पदावरून उतरवणं, लाइनवर जन्म काढलेल्या तंत्रज्ञाला कॉल सेंटरात बसवणं. न्यायालयापुढे ३९ जणांची प्रकरणं आली. १९ आत्महत्या, १२ प्रयत्न, बाकीच्यांना नैराश्य किंवा तत्सम आजार. यात मुरलेली, पन्नाशीतली माणसंही होती. त्यांना नाजूक पोरं कसं म्हणणार?

‘राजीनामा द्या’ हा सल्लाही तिथेच उघडा पडतो. कंपनीला नेमका तोच हवा होता! २०१९मध्ये लोंबार आणि आणखी दोन वरिष्ठ दोषी ठरले, आणि जानेवारी २०२५मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की कंपनीचं धोरण हाच छळ असू शकतो. आपल्याकडे तर नोटीस तीन-तीन महिन्यांची, रिलीव्हिंग लेटर त्याच साहेबाच्या मर्जीवर आणि घराचा हप्ता पाच तारखेला.

‘ओरडतो तो कामासाठीच.’ ओरडणारा साहेब त्यातल्या त्यात परवडला. छळ बहुधा आवाज न करता होतो: मीटिंगला बोलवायचं नाही, काम काढून घ्यायचं आणि मग कामच नाही म्हणून शेरा मारायचा, साधी चूक अख्ख्या टीमला सीसी करायची. स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ हाइन्ट्स लेमान यांनी १९८०च्या दशकात याचा अभ्यास केला. त्यांची कसोटी होती, आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. एखाद्या दिवशीच्या चिडचिडीला ते छळ म्हणत नव्हते.

‘आम्हाला काही झालं नाही’ हे घरच्यांना विचारून लिहावं.

आणि दाद मागायची कुठे? कामाच्या ठिकाणच्या छळाचा २०१३चा कायदा फक्त महिलांच्या लैंगिक छळापुरता. महाराष्ट्रात १९७१च्या कायद्याने आकसाने केलेली बदली अनुचित कामगार प्रथा ठरवली, पण व्यवस्थापकीय पदावरच्यांना तो लागू नाही. म्हणून मेल, शेरे, तारखा स्वतःकडे जपून ठेवा. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर तक्रारीच्या निकालाची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.