लग्नाचं सर्टिफिकेट म्हणजे व्हिसा नाही, काका

काका नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय, भारतीयाशी लग्न झालं तरी परदेशी जोडीदाराला व्हिसा लागतोच असं लिहून मी उगाच लोकांना घाबरवते, तुमच्या पुतणीचा नवरा अमेरिकन, पाच वर्षं ठाण्याला ये-जा करतोय पण कुणी कधी अडवलं नाही, लग्नाचं सर्टिफिकेट जवळ ठेवायचं, नाहीतर ओसीआय, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसाशिवाय भारतात ये-जा करू देणारं कार्ड, काढून मोकळं व्हायचं. आणि एफआरआरओचं, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसचं, रजिस्ट्रेशन सगळ्यांनाच लागतं असं मी लिहिलंय ते चूक आहे. हा शेवटचा मुद्दा तुमचा एकदम बरोबर. ओसीआय असेल तर कितीही दिवस राहा, रजिस्ट्रेशन लागत नाही, आणि एक्स-टू व्हिसावर, म्हणजे भारतीयाच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, येणाऱ्यांनी व्हिसावर काय शेरा मारलाय तो आधी वाचायचा. ते वाक्य आजच दुरुस्त केलं, आभार.

बाकीचं मात्र नाही पटलं. तुमच्या जावयाला अडवत नाहीत ते लग्नामुळे नव्हे, अमेरिकन पासपोर्टवर दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री टूरिस्ट व्हिसा मिळतो, बहुतेक तोच असणार त्याच्याकडे. माझा नवरा पोलंडचा. आमचं लग्न झालं त्या वर्षी त्याच्याकडे पासपोर्टवर चिकटवलेला साधा स्टिकर व्हिसा होता, सिंगल एन्ट्री, आणि ते दोन शब्द आम्ही दोघांनीही नीट वाचले नव्हते. पोखऱ्याला गेलो, मला नेपाळचा व्हिसा लागतच नाही, त्याने काठमांडूला उतरल्यावर तीस डॉलर भरून पंधरा दिवसांचा घेतला, सगळं मस्त. परत येताना चेक-इन काउंटरवर माझा बोर्डिंग पास हातात आणि त्याचा पासपोर्ट बाजूला. भारतात एकदा आत आला होता, एन्ट्री संपली. मी लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं, फोटो दाखवले, रडले पण. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं हो, व्हिसा नसलेला माणूस विमानात घेतला तर दंड एअरलाइनलाच बसतो, मग ती कशाला घेईल? ऑनलाइन मिळणाऱ्या ई-व्हिसाचा अर्ज भारतात पोचायच्या किमान चार दिवस आधी करावा लागतो, म्हणून तिथेच थांबलो आणि गिरगावात माहेरचा दीड दिवसाचा गणपती आमच्याशिवाय आला आणि गेला. बाबांनी फोनवरून आरती ऐकवली. ते मी विसरू शकत नाही, म्हणून एवढं खरडते.

आता ओसीआय. लग्न झालं की लगेच मिळत नाही, लग्न नोंदवलेलं असावं लागतं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. त्यामुळे हॉलमध्ये लग्न लावून नोंदणी नंतर बघू म्हणणाऱ्यांचं खूप नुकसान होतं, आणि स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टने करायचं तर नोटिशीचे तीस दिवस वेगळे. आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तान नाहीतर बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळतच नाही. मिळाल्यावरही माणूस परदेशीच राहतो, नागरिक होत नाही, नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांत तो अपलोड करून लग्न टिकून आहे असं लिहून द्यावं लागतं, अरुणाचलला जायचं तर परमिट लागतं. फायदे आहेतच, घारापुरीच्या लेण्यांचं तिकीट चाळीस रुपयांत मिळतं, नाहीतर परदेशी माणसाला सहाशे. पण भारताबाहेर त्या कार्डाचा काही उपयोग नाही, तिथे त्याचा पासपोर्ट बघतात आणि माझा वेगळा बघतात.

लग्नाने काहीच मिळत नाही असंही नाही हं. मी नवऱ्याबरोबर स्पेनला गेले तर युरोपियन नागरिकाची बायको म्हणून शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाची, नव्वद युरो फी माफ आणि अर्जही लवकर निघायला हवा, युरोपियन युनियनच्या २००४ सालच्या नियमाने. पण व्हिसा काढावा लागतोच! आणि गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात, पोलंडला जायचं तर तो नियम लागू होत नाही.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की दिवाळीत जावयासकट सगळे भूतानला निघालाय, ते वाचून मला राहवलं नाही. तुम्हाला पासपोर्ट किंवा व्होटर आयडीवर परमिट मिळेल, रात्रीला बाराशे रुपये. जावयाला व्हिसा आधी ऑनलाइन काढावा लागेल, त्याचे चाळीस डॉलर आणि वर रात्रीचे शंभर डॉलर, आणि बायको भारतीय आहे म्हणून ते कमी होत नाहीत. पुतणीला आजच त्याच्या भारताच्या व्हिसाच्या पानाचा फोटो पाठवायला सांगा, एन्ट्रीच्या रकान्यात मल्टिपल लिहिलंय ना ते बघा, आणि त्याचा व्हिसा ई-व्हिसा असला तर भारतात परत आत यायला ठरावीक ठिकाणंच चालतात, तुमचं त्यात आहे का बघूनच परतीची तिकिटं काढा. काही अडलं तर इथेच लिहा, मी रात्री बघते.