फ्रेम आधी, विमान नंतर

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर घेतलंत? छान. आता विमान उडवायची घाई करू नका. आधी कोपऱ्यात फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं उमटतात तो, दिसेल अशी सोय करा. खाली सह्याद्री असेल, असू दे. आपण आकडा बघायचा.

घाटकोपरवरून मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरताना हा आकडा 60वरून 28वर आपटेल. डेव्हलपर मोडचा तक्ता उघडलात तर त्यात स्वच्छ लिहिलेलं असेल : ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’. म्हणजे ग्राफिक्स कार्ड माश्या मारत बसलंय आणि प्रोसेसरचा एक बिचारा थ्रेड सगळ्यांचं ओझं वाहतोय. उपाय उघड आहे, आणखी महागडं ग्राफिक्स कार्ड घ्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. परंपरा आहे, मोडू नये.

टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे लांबवरची जमीन-इमारती किती बारकाईने दिसाव्यात ते, 400वरच ठेवा. 100वर आणलात तर त्या थ्रेडला श्वास घेता येईल, लांबच्या इमारती जरा उशिरा उभ्या राहतील, आणि मग मित्रांना स्क्रीनशॉट कोणत्या तोंडाने पाठवणार? विमानतळावरच्या गाड्या, आजूबाजूची विमानं, सगळं भरगच्च हवं. कॉकपिटमधल्या पडद्यांचा रिफ्रेशही ‘हाय’. तिकडे तुम्ही ढुंकूनही बघणार नाही, पण असावा.

रॅमच्या खोक्यावर 3600चा वेग छापलेला असतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम छापील वेगाने पळवायची सोय) चालू करेपर्यंत ती बऱ्याचदा 2133वरच रांगते. तिथे हात लावू नका. फुकटात सुधारणा झाली तर घरच्यांना खर्चाचं कारण काय देणार?

सेटिंग बदलायची तर एका दमात सात-आठ बदला, म्हणजे कशाने फरक पडला हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मोजणीच्या वेळी लाइव्ह वेदर, म्हणजे बाहेरचं खरंखुरं हवामान, चालू हवं. बदलाआधी निरभ्र सकाळी मोजा, बदलानंतर जुलैच्या ढगांत. आकडा घसरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. रविवार सुखात जातो.

2006च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सची जुनी मंडळी कॉन्फिग फाइलमध्ये मिळेल ती ओळ चिकटवत. त्यातली ‘हायमेमफिक्स=1’ खरोखर कामाची होती. तिच्या पुण्याईवर बाकीच्या ओळीही वर्षानुवर्षं पूजल्या गेल्या.

कुणी म्हणेल, 30 फ्रेमवर लॉक करा, विमान अगदी सुरळीत उडतं. या माणसाच्या नादी लागू नका. किती फ्रेम मिळतात विचारलं तर धड सांगताही येत नाही त्याला, आणि एव्हाना नागपूरला उतरूनही झालेलं असतं.